पोत मोडण्याआधी

पेरणी जवळ आली. बियाण्याला पैसा नव्हता. आजीबाईंनी पेटीतली जुनी पोत काढली. सुनेला म्हणाल्या, "चल पोरी, जळगावच्या सराफ बाजारात जाऊ. पोत मोडू."

सून म्हणाली, "आत्याबाई, आधी हिशेब समजून घेऊ."

पोत भरली 12 ग्रॅम. त्यात काळे मणी 2 ग्रॅमचे. दागिना राहिला 10 ग्रॅम.

तोही सगळा सोन्याचा नसतो. शुद्ध सोने 24 कॅरटचे. पोत 18 कॅरटची असेल, तर 10 ग्रॅममध्ये सोने साडेसात ग्रॅमच. बाकी तांबे, चांदी. पैसे सोन्याचे मिळतात. घडणावळ परत मिळत नाही.

मग फसगत कशी टाळावी?

दागिन्यावर 916 असेल तर तो 22 कॅरटचा, 750 असेल तर 18 कॅरटचा. खूण नसेल तर हॉलमार्क केंद्रात कस तपासून घ्या.

वजन डोळ्यांसमोर करा.

दोन-तीन दुकानांत भाव विचारा. भाव कोणत्या कॅरटचा, तेही विचारा.

सौदा ठरण्याआधी दागिना वितळवू देऊ नका. वितळलेली पोत परत घरी नेता येत नाही.

पावती घ्या. वजन, कॅरट, भाव, वजावट हे चार आकडे वाचा. मगच सही करा.

आजीबाईंनी पावती वाचली. वजन पुन्हा करायला लावले. मग अंगठा नाही, सही केली.