८३ एक्स की जुना डीएसएलआर?
(एका बावीस हजारांच्या खरेदीचा हिशेब)

नवीन सेमिस्टर सुरू होऊन महिना झाला की फोटोग्राफी क्लबच्या खोलीवर एक तरी फर्स्ट इयरचा मुलगा येतो आणि दारातूनच विचारतो, "दादा, वीस-बावीस हजार बजेट आहे. सुपरझूम घेऊ की सेकंड हँड डीएसएलआर?" मग खोलीत जितकी डोकी तितकी मतं. एक म्हणतो, ८३ एक्स झूम, चंद्रावरचे खड्डे दिसतात, दुसरं काही बघूच नकोस. दुसरा म्हणतो, डीएसएलआर तो डीएसएलआर. बिचारा मुलगा आला त्यापेक्षा जास्त गोंधळून परत जातो.

हा घोळ आम्हीही घातलेला आहे. आमच्या मेसमधल्या मावशी रिटायर झाल्या, तेव्हा मेसमध्येच संध्याकाळी छोटासा निरोप समारंभ ठेवला होता. क्लबचा स्वतःचा कॅमेरा नव्हता. एका मित्राचा सुपरझूम आणला. ट्यूबलाइटचा उजेड, तोही अर्ध्या मेसला. मावशी बोलता बोलता रडल्या, मग हसल्या, सगळ्यांच्या ताटात स्वतः शिरा वाढला. फोटो साठेक काढले. लॅपटॉपवर टाकून बघतो तर एकात हात हललेला, दुसऱ्यात चेहरा पुसट आणि उरलेल्यांत नुसता रंगीत भुगा. मावशींनी जाताना एकच सांगितलं होतं, "एक चांगला फोटो द्या रे पोरांनो, घरात लावायला." तो आम्हाला देता आला नाही. आणि हाच कॅमेरा आदल्या आठवड्यात टेकडीवरून पलीकडच्या टाकीवर बसलेली घार अशी टिपून आला होता की तिची चोच मोजावी!

म्हणजे कॅमेरा वाईट नव्हता, आमचा हिशेब चुकला होता. पुढे क्लबसाठी मजल्यामजल्यावरून वर्गणी काढून बावीस हजार जमले, तेव्हा ठरवलं की आता ऐकीव मतांवर जायचं नाही. इंजिनिअर आहोत, तर आकडे मांडू. तेच इथे मांडतो.

एक्स आणि मेगापिक्सेल

दुकानात दोन आकडे ठळक दिसतात. पहिला 'एक्स'. एक्स म्हणजे लेन्सच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान फोकल लेंग्थचं गुणोत्तर, बस्स. २०१५ साली आलेल्या निकॉन पी९०० ची लेन्स प्रत्यक्षात ४.३ ते ३५७ मिमी आहे. भागाकार करा, ८३ येतो. डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स या हिशेबाने जेमतेम तीन एक्स. म्हणून ती वाईट असं नाही, आणि ८३ एक्स आहे म्हणून फोटो चांगला असंही नाही.

मग खोक्यावर लिहितात ते २००० मिमी कुठून आलं? ते 'समतुल्य' माप आहे. जुन्या ३५ मिमी फिल्मवर तेवढंच दृश्य मिळवायला किती लांब लेन्स लागली असती, ते सांगणारं. ३५७ मिमीच्या लेन्समधून एवढं जवळचं दिसतं, कारण मागचा सेन्सर चिमुकला आहे. त्याचं माप साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमी, क्षेत्रफळ २८ चौरस मिमी. निकॉनच्या जुन्या डी९० (२००८) चा सेन्सर २३.६ गुणिले १५.८ मिमी, म्हणजे सुमारे ३७० चौरस मिमी. तेरा पट! एक करंगळीचं नख, दुसरं मोठं पोस्टाचं तिकीट, असं समजा.

दुसरा आकडा मेगापिक्सेलचा. पी९०० चे १६, डी९० चे १२. नखाएवढ्या जागेत १६ आणि तिकिटाएवढ्या जागेत १२. पी९०० चा एक पिक्सेल सुमारे १.३ मायक्रॉनचा, डी९० चा साडेपाच मायक्रॉनचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरा हिशेब: ॲपर्चरचा व्यास

सेन्सर मोठा म्हणजे फोटो चांगला, असं आमचे सीनियर सांगायचे. ते अर्धंच खरं आहे. सेन्सर ही बादली. बादली कितीही मोठी असली तरी पाणी नळातूनच येणार. कॅमेऱ्याचा नळ म्हणजे ॲपर्चर. तो किती मोठा हे काढायला फोकल लेंग्थला एफ नंबरने भागायचं. समोरच्या वस्तूकडून ठराविक वेळात किती प्रकाश गोळा होतो, ते या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. बारावीचं फिजिक्स, यात नवीन काही नाही. पण कॅमेरा घेताना हा भागाकार कोणी करत नाही.

आता मेसमधला प्रसंग घ्या. माणसं चार-पाच मीटरवर, दृश्य साधारण डीएसएलआरवरच्या ३५ मिमी लेन्सएवढं.

सुपरझूमला एवढ्याच दृश्यासाठी सुमारे ९.३ मिमी फोकल लेंग्थ लागते. त्याचं सर्वांत मोठं ॲपर्चर एफ २.८ धरलं (झूम केल्यावर ते आणखी बारीक होतं, पण आपण उदार होऊ) तरी व्यास ३.३ मिमी.

डीएसएलआरवर किट लेन्स, ३५ मिमीला साधारण एफ ४.५. व्यास ७.८ मिमी. प्रकाश पाच पट.

डीएसएलआरवर ३५ मिमी एफ १.८ ची साधी प्राइम लेन्स. व्यास १९.४ मिमी. प्रकाश तीस पटीहून जास्त!

म्हणजे जिथे सुपरझूमला एक अष्टमांश सेकंद लागत होता आणि मावशींचा हात हलत होता, तिथे तेवढ्याच प्रकाशात प्राइम लेन्सचं काम २५० व्या भाग सेकंदाच्या आसपास झालं असतं. तेव्हा जुन्या डीएसएलआरची खरी ताकद बॉडीत नाही, लेन्स बदलता येण्यात आहे. डीएसएलआर घेऊन पाच वर्षं किट लेन्सवरच काढणारे खूप भेटतात. त्यांनी घोडा घेतला आणि टांगा तसाच ठेवला.

आता बाजू पलटू

हाच हिशेब लांबच्या वस्तूला लावा. पी९०० पूर्ण झूमवर ३५७ मिमी, एफ ६.५. व्यास ५५ मिमी. डीएसएलआरची किट लेन्स पूर्ण झूमवर ५५ मिमी, एफ ५.६. व्यास अवघा १० मिमी! ५५-२०० ची लेन्स लावली तर ३६ मिमी. ७०-३०० लावली तर ५४ मिमी, तेव्हा कुठे बरोबरी होते. आणि ती लेन्स वेगळी विकत घ्यायची, ती एकटीच पाऊण किलोची. बॉडी धरून दीड किलोच्या घरात. पी९०० सगळं मिळून ९०० ग्रॅम.

चंद्राचं उदाहरण घ्या. तो आकाशात सुमारे अर्धा अंश दिसतो. किट लेन्सने डी९० च्या फोटोत त्याचा व्यास येतो ९० पिक्सेल, म्हणजे पांढरं टिकलीएवढं काहीतरी. २०० मिमीच्या लेन्सने सव्वातीनशेच्या आसपास. पी९०० च्या पूर्ण झूमवर सुमारे २४०० पिक्सेल. खड्डे दिसतात ही थाप नाही.

भिगवणला उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. नाव फार जवळ नेली तर थवा उठतो, त्यामुळे अंतर ठेवावंच लागतं. तिथे किट लेन्सवाला डीएसएलआर घेऊन गेलात तर पाणी, आकाश आणि मधे गुलाबी ठिपके एवढंच घेऊन परत याल.

पण ८३ एक्सलाही निसर्गाचे नियम आहेतच. प्रकाश ॲपर्चरमधून जाताना पसरतो. डिफ्रॅक्शनमुळे एका बिंदूची एक छोटी चकती बनते. एफ ६.५ ला तिचा व्यास सुमारे ८.७ मायक्रॉन येतो, आणि आपला पिक्सेल १.३ मायक्रॉनचा. एक बिंदू सहा-साडेसहा पिक्सेलवर पसरला! त्यामुळे ७०-३०० वाल्या डी९० पेक्षा पक्ष्यावर जवळजवळ पाच पट पिक्सेल आडवे पडतात खरे, पण तपशील पाच पट मिळत नाही. शिवाय दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरते, तिला कुठलीच लेन्स पुरत नाही. लांबचे फोटो सकाळी काढा.

फोकस, व्हिडिओ आणि धूळ

जुन्या डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा फेज डिटेक्शन सेन्सर असतो. फोकस कोणत्या दिशेला आणि किती चुकलाय हे त्याला एका मोजणीत कळतं, म्हणून लेन्स थेट जागेवर जाते. अशा सुपरझूममध्ये बहुधा कॉन्ट्रास्ट डिटेक्शन असतं. लेन्स थोडी पुढे, थोडी मागे, कॉन्ट्रास्ट वाढला का, मग अजून पुढे, असं शिखर चाचपडत जातं. उजेड कमी झाला की चाचपडणं वाढतं. गॅदरिंगचा डान्स किंवा कबड्डीची मॅच असेल तर हा फरक फार जाणवतो.

व्हिडिओत मात्र उलटं. डी९० हा व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, पण ७२० पी, एका वेळी पाच मिनिटं, आणि चालू शूटिंगमध्ये ऑटोफोकस नाही. पी९०० १०८० पी व्हिडिओ ऑटोफोकससह काढतो. फोटो नंतर एडिट करायचे असतील तर डी९० मध्ये रॉ आहे, पी९०० मध्ये नाही.

सुपरझूमची लेन्स पुढे-मागे होताना हवा आत-बाहेर करते, तिच्याबरोबर धूळही. सेन्सरवर कण बसला तर घरी साफ करता येत नाही. लेन्सची मोटर गेली तर अख्खा कॅमेरा गेला. डीएसएलआरची लेन्स गेली तर लेन्स गेली.

मधला रस्ताही आहे. पॅनासोनिक एफझेड१००० (२०१४) सारख्या काही ब्रिज कॅमेऱ्यांत एक इंची सेन्सर असतो, ११६ चौरस मिमीचा. झूम १६ एक्सच, पण दोन्हीकडे बऱ्यापैकी निभावतो. जुना चांगला मिळाला तर जरूर बघा.

सेकंड हँड घेताना

कॅनन आणि निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले. त्यानंतर दोघेही मिररलेसकडे वळले. म्हणून जुन्या बॉडी बाजारात स्वस्त आहेत. पण स्वस्त म्हणून डोळे झाकून घेऊ नका. पुढच्या गोष्टी विक्रेत्यासमोरच करा:

१) एक फोटो काढून लॅपटॉपवर एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट दिसतो. डी९० चं शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. नव्वद हजार झाले असतील तर भाव तसाच करा.

२) लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लेन्समध्ये तर हे आवर्जून बघा. अशी लेन्स फुकट मिळाली तरी दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका.

३) एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. बहुतेक वेळा साफ होते, पण भाव करायला उपयोगी पडते.

४) निकॉनच्या डी४०, डी६०, डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांवर जुनी ५० मिमी एफ १.८ डी लेन्स ऑटोफोकस करत नाही. एएफ-एस लिहिलेली लेन्स लागते. डी९० मध्ये मोटर आहे.

५) डी९० ला ३२ जीबीपर्यंतचंच एसडीएचसी कार्ड घ्या.

६) सुपरझूम असेल तर झूम दहा वेळा आत-बाहेर करून कान देऊन ऐका. करकर आली तर सरळ उठून या.

आणि घेतल्यावर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. हॉस्टेलच्या ओल धरलेल्या कपाटात कपड्यांखाली नाही!

मग आम्ही काय घेतलं?

हा सगळा हिशेब झाल्यावरही खोलीत भांडण चालूच होतं. शेवटी एकाने सोपी युक्ती काढली. गेल्या वर्षभरात क्लबने आणि मजल्यावरच्या पोरांनी काढलेले फोटो गोळा केले आणि तीन ढीग केले: लांबचे, अंधारातले, आणि मोबाइलनेही आले असते असे. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला, तो बाजूला ठेवला, कारण त्यासाठी पैसे घालायचं कारणच नव्हतं. उरलेल्यांत पक्षी, चंद्र वगैरे थोडे. बाकी सगळं गॅदरिंग, नाटकाची तालीम, गणपतीची मिरवणूक, वर्कशॉप, रात्री दोनचं सबमिशन. म्हणजे अंधार आणि हलणारी माणसं. निर्णय आपोआप झाला. जुना डी९०, आणि झूम लेन्सवर नव्हे तर ३५ मिमी एफ १.८ वर उरलेले पैसे.

पक्षी बघणारी दोन पोरं नाराज झाली, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांच्यापुरते ढीग केले असते तर उत्तर सुपरझूमच आलं असतं. त्यातल्या एकाने पुढे इंटर्नशिपच्या पैशातून स्वतःचा घेतला. भिगवणचे त्याचे फोटो आमच्या डी९० ला सात जन्मांत जमणार नाहीत.

आम्ही दिवाळीनंतर नवा-जुना कॅमेरा घेऊन मावशींच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात खिडकीच्या उजेडात त्यांचा फोटो काढला. चांगला आला, फ्रेम करून दिला, भिंतीवर लागला. पण त्या संध्याकाळी शिरा वाढताना त्या जशा हसल्या होत्या, तो फोटो काही परत मिळाला नाही.

म्हणून ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या वेळी खोलीवर याल तेव्हा बजेट नंतर सांगा. आधी मोबाइलमधले गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो दाखवा. कोणता कॅमेरा घ्यायचा, ते त्यांतच लिहिलेलं असतं.