आमगावहून चार दिशांना : बाहेर खाण्याचे माझे नियम

माझा धंदा राइस मिलना सुटे भाग पुरवण्याचा. रबर रोल, चाळण्या, एलिव्हेटरचे पट्टे, बेअरिंगा. हंगामात मिल थांबली की मालकाला एक तासही जड जातो, त्यामुळे फोन आला की निघायचं. राहायला आमगावात. पश्चिमेला गोंदिया, उत्तरेला मध्य प्रदेशातलं लांजी, पूर्वेला सालेकसा-दरेकसा आणि तिथला डोंगर ओलांडला की छत्तीसगड, दक्षिणेला देवरी आणि मुंबई-कोलकाता महामार्ग. घरचा डबा या धंद्यात टिकत नाही. त्यामुळे तीन राज्यांच्या टपऱ्या, भोजनालयं आणि ढाबे माझ्या पोटाने तपासले आहेत. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. हॉटेलं हात बदलतात, आचारी पळतात, पाटी तेवढी तीच राहते. नियम मात्र अजून कामाला येतात.

१. पोहे दहाच्या आत.

आमच्याकडे बाहेरचं सगळ्यात चांगलं खाणं सकाळचं असतं. जाड पोहे, वरून तर्री, कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. तर्री काळ्या चण्यांची, वर लाल तेलाचा थर. सात वाजता ती पातळ असते, मसाला अजून मुरलेला नसतो. आठ ते साडेनऊ ही तिची खरी वेळ. दहानंतर तळाशी चणे उरतात आणि ठेलेवाला गरम पाणी ओतून पातेलं वाढवतो. पोहेही तोवर गोळा झालेले असतात. पोहे बहुधा छत्तीसगडातल्या भाटापाराचे असतात. त्या गावात पोह्याच्या मिला दाटीने आहेत, आणि तिथला चांगला जाड पोहा भिजवल्यावर तुटत नाही. "भाऊ, तर्री टाकू का अजून?" हे न मागता विचारणारा ठेला धरून ठेवा. दुसऱ्यांदा तर्रीचे वेगळे पैसे लावणारा सोडून द्या. आलुबोंडा त्याच तर्रीत बुडवून खायची इथली रीत आहे. सोबत पाव मागितलात तर पुण्या-मुंबईचे पाहुणे आहात हे लगेच कळतं.

२. भज्यांचं बेसन विचारून घ्या.

भंडारा-गोंदियात लाखोरीचं पीक जुनं. उभ्या धानात, बांधीत ओल असतानाच बी फेकून द्यायचं. नांगरट नाही, पाणी नाही. डाळ दिसायला तुरीच्या किंवा चण्याच्या डाळीसारखी, आणि स्वस्त. दुष्काळात महिनोन्‌महिने नुसत्या लाखोरीवर दिवस काढणाऱ्यांचे पाय लुळे पडत, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीचा कायदेशीर मार्ग काढला गेला. इथल्या घरांनी ती खायची सोडली नाही. भिजवून, उकळून, पाणी फेकून ती रांधतात, आणि अधूनमधून खाल्लेल्या लाखोरीच्या वड्याने कुणाचे पाय जात नाहीत. माझा आक्षेप लाखोरीला नाहीच. बेसन म्हणून लाखोरीचं पीठ खपवून पैसे बेसनाचे घेतात, त्याला आहे. जो दुकानदार चण्याची डाळ स्वतः आणून चक्कीवर दळून घेतो, तो हे अभिमानाने सांगतो. विचारल्यावर ज्याचा चेहरा उतरतो त्याच्याकडे समोसा घ्या. समोश्याला मैदा लागतो.

३. धानाच्या मुलखात जिरा राइस मागवू नका.

हा माझा आवडता राग आहे, त्यामुळे थोडा लांबणार. गोंदियाला राइस सिटी म्हणतात. ट्रकच्या ट्रक तांदूळ इथून बाहेर जातो. आणि याच शहरातल्या वातानुकूलित हॉटेलात बसलात की पुढ्यात येतो उत्तरेकडून आलेला लांब दाण्याचा तांदूळ, सकाळी उकडून ठेवलेला, संध्याकाळी जिऱ्याच्या फोडणीत परतलेला. दाणा लांब, चव शून्य. मी मिलमध्ये उभा राहून ताज्या तांदळाचा वास घेतलेला माणूस आहे. मला ते गिळवत नाही.

साधा भात मागा, आणि कुठला आहे ते विचारा. उत्तर तीनपैकी एक येईल. पहिलं, "माहीत नाही." मग भाकरी मागवा. दुसरं, "एक हजार दहा." हा जाडा, भरपूर पिकणारा वाण, मजुराच्या थाळीत हाच असतो आणि झणझणीत रश्श्याखाली तो छान उभा राहतो, त्याला नाक मुरडू नका. तिसरं उत्तर म्हणजे एचएमटी किंवा जय श्रीराम. मग वाटी दोनदा भरून घ्या.

एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या छोट्या गावी जन्मला. दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि बारीक, चवदार वाण उभा केला. त्या काळी मनगटावर मिरवणाऱ्या एचएमटी घड्याळाचं नाव त्याला मिळालं. दादाजी २०१८ च्या जून महिन्यात गेले. त्यांचा तांदूळ आज कित्येक राज्यांत विकला जातो, पण हॉटेलच्या मेनूकार्डावर 'एचएमटी भात' असं छापलेलं मला अजून दिसायचं आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोही सुगंधी तांदूळ हॉटेलात सापडत नाही, लग्नघरी सापडतो.

आणखी एक बारकावा. दिवाळीनंतर नवा तांदूळ बाजारात येतो. घरी त्याचं कौतुक असतं, पण मोठ्या पातेल्यात तो गिजगा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी "जुना आहे का?" एवढं विचारा. हुशार भोजनालयवाला मागच्या वर्षीचे कट्टे राखून ठेवतो.

४. अपडाऊन करणाऱ्या बाया कुठे खातात ते बघा.

गोंदिया-आमगाव-सालेकसा पट्ट्यात रोज गाडीने ये-जा करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या मुली पुष्कळ. त्यांना वेळ कमी, पैसे मोजून, आणि पोट बिघडलं तर रजा जाते. त्या ज्या नाश्ता सेंटरमध्ये शिरतात तिथे पाण्याचा माठ झाकलेला असतो, हात धुवायला साबण असतो आणि दारूचा वास नसतो. ट्रकवाले थांबतात तो ढाबा चांगला, हा सल्ला महामार्गावर ठीक. पण तिथेही देवरीच्या बाजूला ट्रक कधी कधी फक्त मोठ्या जागेसाठी थांबतात.

५. इडली स्टेशनजवळ.

बंदरात जहाजं माणसं आणतात, आमच्याकडे ते काम रेल्वेने केलं. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी ही लाईन तिच्याकडे आली आणि हावड्यापर्यंत जोडली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे छोटी लाईन निघाली आणि गोंदिया जंक्शन झालं. रेल्वेच्या नोकरीने तेलुगू आणि बंगाली कुटुंबं आली, व्यापाराने मारवाडी, गुजराती, सिंधी आले. त्यामुळे गोंदियात एका चौकात कचोरी, दुसऱ्यात दाल-पकवान आणि स्टेशनजवळ सकाळी इडली मिळते. पोवार, गोंड, कोहळी, ढीवर हे तर त्याआधीपासूनचेच. बाजारात बोलणं मात्र सगळ्यांचं हिंदीच.

इडलीचं पीठ बहुतेक ठिकाणी उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या कणीचं असतं. मिलमध्ये शंभर किलो धानामागे सरकारी हिशेबाने सदुसष्ट-अडुसष्ट किलो तांदूळ धरतात. त्यातली तुटलेली कणी स्वस्त पडते आणि इडलीला तीच योग्य. कणीची इडली मऊ होते, यात फसवणूक काही नाही.

६. सावजीची पाटी दिसली म्हणून ब्रेक मारू नका.

सावजी हा नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. आता तुमसरपासून देवरीपर्यंत प्रत्येक दुसऱ्या ढाब्यावर ती पाटी आहे. बहुतेकांचं सावजी म्हणजे तिखट आणि तेल. अर्धी प्लेट मागवून रस्सा चाखा. नुसतं तोंड भाजलं आणि मसाल्याचा वास मागे राहिला नाही, तर उरलेली अर्धी वाचली. त्यापेक्षा तलावाची मासळी विचारा. हा जिल्हा तलावांचा आहे, ढीवर सकाळी जाळं काढतात, आणि रोहू किंवा मरळ दुपारच्या जेवणाला ताजी असते. रात्री मासळी मागवू नका.

७. तिबेटी थुक्पा हिवाळ्यात शोधू नका.

हे वाचून बाहेरची मंडळी हसतात, पण गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोक राहतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, प्रतापगडच्या पायथ्याच्या बाजूला नोर्ग्येलिंग नावाची त्यांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. बौद्ध मठ, प्रार्थनेच्या पताका, आणि आजूबाजूला आमचीच धानाची बांधी. हिमालयातली माणसं मे महिन्यातल्या पूर्व विदर्भात कशी रुळली असतील, हा विचार तिथे गेल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. मोमो आता गोंदियातही गाड्यांवर मिळतात, कोबी भरलेले आणि शेजवान चटणी लावलेले. ते खायला हरकत नाही, पण त्यावरून मत बनवू नका. वसाहतीतला थुक्पा साधा असतो : नितळ रस्सा, हाताने तोडलेल्या शेवया, थोडी भाजी किंवा मांस. आपल्या जिभेला सुरुवातीला बेचव वाटतो, अर्ध्या वाटीनंतर समजू लागतो. थंडीत मात्र यांतली बरीच घरं बंद असतात, कारण घरची माणसं शहराशहरांत स्वेटर विकायला गेलेली असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा पावसाळ्यानंतर जा, आधी कुणाला तरी विचारून जा. हॉटेलच्या थाटाची अपेक्षा ठेवू नका.

त्याच तालुक्यात अरुणनगरच्या बाजूला पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. मोहरीच्या तेलातलं माशाचं कालवण तिथे घरोघरी शिजतं. गोंदियाहून वडसाकडे जाणारी गाडी अर्जुनी आणि अरुणनगरला थांबते. माझ्या मते या जिल्ह्यातला खाण्याचा सगळ्यात मोठा खजिना याच तालुक्यात आहे, आणि आमचे गोंदियाकर मात्र पंजाबी थाळी खायला नागपूरला जातात.

८. यात्रेत पानात वाढलेलं खा.

माघ पौर्णिमेला दरेकसाजवळ कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, चार-पाच राज्यांतून माणसं येतात. नवरात्रात डोंगरगडला बम्लेश्वरीची. दोन्हीकडे पायथ्याच्या हॉटेलांत दुपारी गर्दीने तेल काळं पडतं. पळसाच्या दोन्यात गरम वाढून देणाऱ्याकडे जा. दोना एकदाच वापरला जातो, ताटल्या मात्र एकाच बादलीत बुचकळल्या जातात. छत्तीसगडच्या बाजूला फरा आणि चिला मिळाला तर घ्या, तांदळाच्याच पिठाचे असतात. पाणी घरून न्या.

९. गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, पावसाळ्यात नको.

याला स्पष्टीकरण लागत नाही.

१०. हॉटेलवाल्यांना विनंती.

पाटीवर पनीरचे चौदा प्रकार लिहिता, तिथे एक ओळ भाताची लिहा : आज कुठला तांदूळ, नवा की जुना. पोवारांच्या घरी सणाला होणारी सुवारी आणि कुसुली, गोंडांच्या घरची आंबील, कोहळ्यांकडची तलावाची मासळी, यातलं आठवड्यातून एक तरी काही ठेवा. ग्राहक नाही असं म्हणू नका. आम्ही रस्त्यावरची माणसंच तुमचे रोजचे ग्राहक आहोत, लग्नाची वरात वर्षातून एकदा येते.

आणि वाचकहो, आमगावला किंवा गोंदियाला उतरलात तर सकाळी या, आणि जेवायला बसल्यावर तांदळाचं नाव विचारायला लाजू नका. इथे साध्या भाताचे पैसे जिरा राइसपेक्षा कमीच पडतात.