सौदीत ऑटिझम: थेरपीच्या दराआधी मोजायचे खर्च

मुलाच्या निदानाचा कागद हातात पडला की आईबाबा पहिला फोन थेरपी सेंटरला लावतात आणि तासाचा दर विचारतात. आम्हीही दम्माममध्ये तेच केलं. पण हिशेबाची वही घेऊन बसलं की कळतं, पहिली ओळ थेरपीची नाही, सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांसाठी भरायच्या डिपेंडंट फीची आहे.

ही फी जुलै 2017 मध्ये माणशी महिना 100 रियालने सुरू झाली, दर वर्षी शंभराने वाढत जुलै 2020 पासून 400 झाली. बायको आणि दोन मुलं सोबत असतील तर वर्षाला 14,400 रियाल. काही कंपन्या ही फी भरतात, बऱ्याच भरत नाहीत. करारात काय लिहिलंय ते वाचा. आणि हे नीट लक्षात घ्या: मुलाला घेऊन आई पुण्याला गेली तरी इकामा (निवास परवाना) चालू असेपर्यंत फी थांबत नाही. शिवाय एकेरी एक्झिट री-एंट्री व्हिसा दोन महिन्यांसाठी 200 रियाल, पुढे प्रत्येक महिन्याला 100. म्हणजे सहा महिन्यांना माणशी 600. ‘थोडे दिवस तिकडे, थोडे दिवस इकडे’ हा बेत कागदावर मांडला की बराच महाग निघतो. मुलाच्या दिनक्रमाची मोडतोड होते ती वेगळीच.

दुसरी ओळ व्हॅटची. 1 जुलै 2020 पासून तो 15 टक्के आहे. खासगी दवाखाना आणि खासगी शाळेवरचा व्हॅट सौदी नागरिकांसाठी सरकार भरतं, आपण मात्र खिशातून भरतो. म्हणून दर विचारताना ‘व्हॅट धरून किती?’ असंच विचारा. हिशेबापुरतं समजा, एका सत्राचे 200 रियाल, आठवड्याला तीन सत्रं, वर्षाचे 48 आठवडे. 28,800 झाले. व्हॅटसह 33,120. वरचे 4,320 रियाल दर सांगताना कुणी उच्चारत नाही.

आता विमा. खासगी नोकरीत कामगाराचा आणि त्याच्या कुटुंबाचा आरोग्य विमा काढणं मालकावर बंधनकारक आहे. एचआरकडून पॉलिसीचं नुसतं कार्ड घेऊन येऊ नका, टेबल ऑफ बेनिफिट्स मागा आणि त्यात ऑटिझमची ओळ शोधा. वर्षाची मर्यादा किती? तपासणी आणि थेरपी त्याच रकमेत बसवलीय का? स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही मिळतात का? किती सत्रांनंतर पुन्हा मंजुरी लागते, आणि आपल्या वाट्याचे किती टक्के? उत्तरं ईमेलवर घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही. डॉक्टरांच्या रिपोर्टवरचा कोडही बघा. आयसीडी-10 मध्ये बालपणीच्या ऑटिझमचा कोड एफ 84.0 आहे. पालकांना वाईट वाटू नये म्हणून काही डॉक्टर नुसतं ‘बोलायला उशीर’ लिहितात. हेतू चांगला असतो, पण मग ऑटिझमच्या ओळीतून पैसे कसे मागणार? निदान झालं असेल तर ते स्पष्ट लिहून मागा.

पॅकेजबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. सवलत मिळते म्हणून आम्ही एका सेंटरला 24 सत्रांचे पैसे एकदम भरले. पाचव्या आठवड्यात थेरपिस्ट नोकरी सोडून गेली. नव्या ताईंना अरबीशिवाय काही येत नव्हतं. घरी फ्रिजवरच्या ग्लासाच्या चित्राला बोट लावून मुलगा नुकताच ‘पाणी’ म्हणायला लागला होता. तिथे त्याच ग्लासाला ‘मोया’. तो ग्लासाकडे बघायचा, ताईंकडे बघायचा आणि हात कानांवर ठेवायचा. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून महिन्याचेच भरा, आणि थेरपिस्ट बदलली तर उरलेली रक्कम परत मिळेल का, ते पावतीवर लिहून घ्या. घरची भाषा सोडून फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम वाढत नाही, असंच अभ्यास सांगतात. चित्राची कार्डं आणि रोजचे नेमके शब्द मराठीत लिहून थेरपिस्टला द्या. या कामाला फक्त कागद लागतो.

शाळेसाठी रियाध, जेद्दा, दम्माम, जुबैलच्या भारतीय शाळा सीबीएसईच्या आहेत. ऑटिझम असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. पण पहिलीतल्या मुलाला ती सवलत काय कामाची? प्रवेशाआधी विचारा: स्पेशल एज्युकेटर आहेत का, वर्गात सोबत बसणारी शॅडो टीचर चालेल का, आणि तिचा पगार कोण देणार. सौदी सरकारची अपंगत्वासाठीची मासिक मदत तिथल्या नागरिकांसाठी आहे. ती वहीत धरू नका.

भारताची बाजू मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत पक्की करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज इथूनच ऑनलाइन भरता येतो, पण तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयातच होते. दम्मामचा रिपोर्ट नुसता सोबत जोडायचा. सुट्टीचा पहिलाच आठवडा त्यासाठी राखा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव घाला. विम्याचं कवच एक लाख रुपयांपर्यंत आहे, त्यात थेरपीही येते, आणि उपचार भारतात घ्यायचे असतात. उद्या मुलाला घेऊन गावी परतायची वेळ आली, तर हेच कागद आधी लागतात. दिव्यांग अवलंबितासाठीची प्राप्तिकरातली वजावट मात्र निवासी भारतीयांनाच मिळते, आपल्याला नाही.

याच सुट्टीत स्टेम सेलची जाहिरात दाखवणारं कुणीतरी भेटतं. बहुतेक वेळा मायेपोटीच दाखवतं. ऑटिझमवर हा उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलंय. लाखांचा प्रश्न आहे, आणि सुया लेकराच्या अंगात जाणार आहेत. नाही म्हणा.

त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेचं पालकांसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण बघा. 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे, मोफत आहे, आणि जेवताना-खेळताना काय करायचं ते शिकवतं. मी ते मुलगा झोपल्यावर, रोज अर्धा तास असं पुरं केलं.

सुट्टी संपवून सौदीला परत निघताना मुलाचं मिथिलफेनिडेटसारखं नियंत्रित औषध सोबत असेल तर सौदीची परवानगी आधी काढा. चिठ्ठी, रिपोर्ट आणि यूडीआयडी कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत नको.