वन्स इन अ ब्लू मून : अर्थ आणि वापर



'वन्स इन अ ब्लू मून' याचा अर्थ विचारला की मुलं 'क्वचित' असं पटकन सांगतात. पण वाक्यात उपयोग करा म्हटलं की गाडी अडते. मग 'वन्स इन अ ब्लू मून आय लॉस्ट माय पेन' असं काहीतरी वहीत येतं. अर्थ पाठ, पण वापर चुकला.

मुलांना एवढंच सांगा : हा वाक्प्रचार 'किती वेळा?' या प्रश्नाचं उत्तर आहे, 'कधी?' या प्रश्नाचं नाही. पेन एकदाच हरवलं, तिथे तो चालत नाही. पुन्हा पुन्हा, पण फार दिवसांनी घडणारी गोष्ट हवी. 'माय अंकल व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून' हे बरोबर. म्हणजे काका येतात, पण सठीसहामाशी! हा वाक्प्रचार बोलण्यातला आहे. मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जात 'रेअरली' बरं.

मराठीत 'सठीसहामाशी' हाच जवळचा शब्द. 'कपिलाषष्ठीचा योग' आपण दुर्मीळ सुयोगाला म्हणतो, तर 'उंबराचं फूल' सहसा दर्शन न देणाऱ्या माणसाला. तिन्हींत दुर्मीळपणा आहे, पण जागा वेगळ्या.

आता हा 'ब्लू मून' कोणता? इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीच्या चंद्राला हल्ली हे नाव देतात. तो निळा दिसत नाही. दोन पौर्णिमांमध्ये साधारण २९.५ दिवस जातात, म्हणून फेब्रुवारीत हा योग कधीच येत नाही. १९ वर्षांत तो साधारण ७ वेळा येतो. आणि गंमत म्हणजे आपला अधिक मासही १९ वर्षांत ७ वेळाच! कारण एकच : बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात, वर्षाला अकरा दिवस उरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन पौर्णिमा होत्या, आणि त्याच वर्षी अधिक श्रावण होता. जुनं कॅलेंडर असेल तर मुलांनाच शोधू द्या.

पालकांनो, आज जेवताना मुलांना विचारा, "आपल्या घरी सठीसहामाशी काय घडतं?" बाबा पोळ्या लाटतात? आई दुपारी झोपते? उत्तर आलं की तेच इंग्रजीत म्हणायला सांगा. स्वतःच्या घरातलं वाक्य मूल विसरत नाही.