स्वस्त मारा, महाग बचाव

मेसमध्ये जेवताना युद्धाचा विषय निघाला की गाडी हमखास मोजदादीवर येते. अमक्याकडे रणगाडे किती, तमक्याकडे विमानं किती, पाणबुड्या किती. वर्तमानपत्रंही दोन देशांचे दोन रकाने शेजारी शेजारी छापतात आणि आपण ते स्कोअरबोर्डसारखे वाचतो. मित्रहो, २०२० पासूनच्या लढायांबद्दल जे वाचायला मिळालं त्यावरून माझं असं मत झालं आहे की ही मोजदाद आता फारसं काही सांगत नाही. कोण किती स्वस्तात मारा करू शकतो, आणि समोरच्याने तोड काढली की किती आठवड्यांत आपलं यंत्र बदलू शकतो, याला जास्त महत्त्व आलं आहे. हे दोन्ही प्रश्न सेनापतीइतकेच इंजिनिअरचेही आहेत, म्हणून हा लेख.

आधी साधं गणित करू. शाहेद-१३६ हे मूळ इराणी ड्रोन रशियाने सप्टेंबर २०२२ पासून युक्रेनवर सोडायला सुरुवात केली. पुढे तातारस्तानातल्या येलाबुगा इथे ते गेरान-२ या नावाने बनू लागलं. लांबी साडेतीन मीटर, वजन दोनशे किलोच्या आसपास, मागे पन्नास हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, वेग ताशी जेमतेम १८५ किलोमीटर. आवाजावरून युक्रेनच्या लोकांनी त्याला ‘मोपेड’ हे नाव ठेवलं. (आपल्याकडे असतं तर ‘लूना’ म्हटलं असतं!) किंमत वीस ते पन्नास हजार डॉलरच्या दरम्यान धरली जाते. आता ते पाडायला अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेचं पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्र सोडलं तर एका नगाला सुमारे ४० लाख डॉलर पडतात. म्हणजे एका गोळीच्या पैशात समोरचा ऐंशी ते दोनशे शाहेद उडवणार.

पैसा एक वेळ उसना मिळतो, पण माल कुठून आणायचा? ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री युक्रेनच्या हवाई दलाने ८१० ड्रोन मोजले. त्यात नुसती हूल द्यायला पाठवलेलेही होते, पण रडारवर ठिपका तो ठिपकाच. आणि पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्रं २०२४ मध्ये वर्षभरात बनली किती? सुमारे पाचशे. वर्षभराचा माल एका रात्रीला पुरणार नाही.

अर्थात प्रत्येक मोपेडवर पेट्रियट झाडण्याइतकं कुणी खुळं नसतं. युक्रेनने देशभर खांबांवर हजारो मायक्रोफोन लावले, आवाजावरून ड्रोनची दिशा काढली, आणि वाटेवर पिकअप गाड्यांवर मशीनगन लावून माणसं बसवली. जर्मनीने आपल्या सैन्यातून कधीच निवृत्त केलेल्या गेपार्ड तोफा तिथे पुन्हा कामाला आल्या. नंतर काही हजार डॉलरचे, ड्रोनलाच जाऊन धडकणारे ड्रोन आले. स्वस्ताला स्वस्त उत्तर मिळालं तेव्हा कुठे ते परवडू लागलं.

हे एका रात्रीत घडलेलं नाही. २०२० साली अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात नागोर्नो-काराबाखसाठी ४४ दिवसांचं युद्ध झालं. अझरबैजानने अँटोनोव्ह-२ ही जुनाट, दुहेरी पंखांची विमानं वैमानिकाशिवाय पुढे पाठवली. आर्मेनियाने त्यांच्यावर मारा केला की त्यांच्या हवाई संरक्षणाच्या जागा उघड्या पडत, आणि मग तुर्कस्तानचे बायरक्तार टीबी-२ व इस्रायलचे हारोप त्या जागांवर तुटून पडत. बायरक्तारचा जगभर उदोउदो झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्येही त्याने सुरुवातीला चमक दाखवली, पण रशियाचं हवाई संरक्षण नीट लागल्यावर काही महिन्यांत तो आघाडीवरून जवळजवळ दिसेनासा झाला. दोन वर्षांपूर्वीचा हीरो म्हातारा झाला होता.

त्याची जागा ज्याने घेतली ते यंत्र बघून मला खरं तर हसूच आलं होतं. एफपीव्ही ड्रोन! चार ब्रशलेस मोटर, त्यांचे स्पीड कंट्रोलर, एक फ्लाइट कंट्रोलर, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि लिथियमची बॅटरी. हौशी पोरं शर्यतीला उडवतात तेच. खाली टेपने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आरपीजीचा गोळा बांधलेला. खर्च चार-पाचशे डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या घरात. होस्टेलमध्ये यापेक्षा महाग मोबाईल घेऊन फिरणारे आहेत. आणि एवढ्यात कित्येक कोटींचा रणगाडा निकामी होतो, कारण चिलखत पुढून जाड असतं, वरून आणि मागून पातळ.

या ड्रोनला अडवायचं कसं? इथे आपल्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला व्यस्त वर्गाचा नियम कामाला येतो. रेडिओ लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. समजा, ड्रोन उडवणारा माणूस आठ किलोमीटर मागे खंदकात बसला आहे आणि रणगाड्यावरचा जॅमर ड्रोनपासून दोनशे मीटरवर आहे. अंतराचं गुणोत्तर ४०, वर्ग केला की १६००. म्हणजे दोघांची शक्ती सारखी असली तरी ड्रोनच्या अँटेनाला जॅमरचा गोंगाट मालकाच्या हुकमापेक्षा १६०० पट मोठा ऐकू येणार. त्यातून लक्ष्यावर झेप घेताना ड्रोन खाली उतरतो आणि मधे झाडं, घरं, जमिनीचा उंचवटा आला की उरलासुरला सिग्नलही जातो. थोडक्यात, नेमकं मोक्याच्या क्षणी मालकाचं ऐकू येईनासं होतं. हा नियम परीक्षेत दोन मार्कांना येतो म्हणून आपण पाठ करतो, तिथे त्यावर माणसं जगतात किंवा मरतात.

मग खेळ सुरू झाला तो फ्रिक्वेन्सीचा. जॅमर ठरावीक पट्ट्यातच ओरडतो हे कळल्यावर ड्रोनवाल्यांनी पट्टा बदलला. जॅमरवाल्यांनी तो पट्टा शोधून काढला. पुन्हा बदल. महिनाभरापूर्वी चाललेला ड्रोन आज चालेलच याची खात्री राहिली नाही. मोठ्या शाहेदवर हेच उपग्रहांच्या सिग्नलबाबतीत झालं. जॅमरच्या दिशेने कान बंद करता यावेत म्हणून त्यावरच्या अँटेना अ‍ॅरेचे घटक चारावरून आठ, आठावरून सोळा होत गेले.

२०२४ मध्ये रशियाने या सगळ्यावर एक गावठी वाटावा असा तोडगा मोठ्या प्रमाणात आणला: रेडिओच नको! ड्रोनखाली ऑप्टिकल फायबरचं रीळ, जसजसा ड्रोन पुढे जाईल तसतशी तार मागे सुटत जाते, पतंगाच्या मांज्यासारखी. तारेतल्या प्रकाशाला जॅमर काय करणार? शिवाय रेडिओ लहरी बाहेर पडत नसल्यामुळे ड्रोन आल्याची चाहूलही लागत नाही. तोटेही आहेत. दहा किलोमीटरच्या रिळाचं वजनच किलोभर, तेवढा दारूगोळा कमी. तार झाडात अडकली की संपलं. तरीही युक्रेनने ही युक्ती लगेच उचलली. २०२५ मध्ये तिथल्या शेतांचे फोटो आले, उन्हात कोळिष्टकांसारख्या चमकणाऱ्या तारांनी भरलेले. पक्ष्यांनी त्या तारांची घरटीसुद्धा बांधली होती.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो. ‘आता रणगाडे भंगारात’ असं आपल्यातले काही जण ठासून सांगतात, ते मला पटत नाही. तोफा आणि विमानातून टाकायचे बॉम्ब याच युद्धात मरण वाटत राहिले. पायदळालाही जमीन स्वतःच जाऊन धरावी लागते. जुनं गेलं नाही, फक्त त्याच्या डोक्यावर सतत एक कॅमेरा घिरट्या घालू लागला.

आपल्या घराजवळचं उदाहरण मे २०२५ चं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारने सांगितलं. आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करणं हा त्यामागचा एक हेतू असावा, असंही सांगितलं गेलं. काराबाखमधल्या त्या जुनाट अँटोनोव्हची इथे आठवण येते की नाही? ते पाडायला जी शस्त्रं कामी आली त्यात एल-७० ही ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ होती. तिचा मूळ आराखडा आपल्या आजोबांच्या वयाचा, पण भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला नवे सेन्सर बसवलेले. लोखंड जुनंच, डोळे नवे. मला हे फार आवडलं.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने नागास्त्र-१ बनवलं. सुमारे नऊ किलोचं, एका जवानाने पाठीवर वाहून न्यायचं. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरवता येतं, हा त्यातला आपल्या खिशाला शोभणारा भाग. लष्कराने ४८० ची मागणी नोंदवली आणि पहिले १२० जून २०२४ मध्ये सुपूर्द झाले.

पण वर सांगितलेल्या सुट्या भागांची यादी पुन्हा बघा आणि विचारा, यातलं आपल्याकडे काय काय बनतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द केले, कारण त्यात चिनी भाग निघाले. मोटरच्या आत निओडिमियमचे चुंबक असतात. तापल्यावर त्यांचं चुंबकत्व टिकावं म्हणून डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या दोन्हींसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. फटका आधी वाहनांना बसला. पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन घटवावं लागलं. स्कूटर थांबते तर ड्रोनही थांबतो. मला विचाराल तर पुढच्या दहा वर्षांतली स्पर्धा संचलनात दिसणाऱ्या शस्त्रांपेक्षा या चुंबकांत आणि बॅटरीच्या सेलमध्ये जास्त आहे. आपल्याकडे मेटलर्जीला जागा भरत नाहीत, हे त्याचंच एक टोक.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त सतावतो. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी खोक्यांत लपवलेले ११७ ड्रोन थेट रशियाच्या आत सोडले. सैबेरियातल्या बेलाया तळापर्यंत, म्हणजे सीमेपासून चार हजार किलोमीटरहून दूर. लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं जागच्या जागी जळाली. त्या चित्रफितींत पडद्यावर दिसणारी मांडणी अर्डूपायलटची होती. अर्डूपायलट म्हणजे हौशी मंडळींनी जमवलेलं मुक्त सॉफ्टवेअर. आपला रोबोटिक्स क्लब शेतातल्या फवारणीच्या प्रोजेक्टसाठी तेच वापरतो. त्याच्या विकासकांच्या आचारसंहितेत लिहिलंय की शस्त्र बनवायला आम्ही जाणूनबुजून मदत करणार नाही. पण त्याचा परवाना जीपीएलचा, आणि तो वापर कशासाठी हे विचारत नाही. विचारला असता तर ते मुक्त राहिलं नसतं.

विमानतळावर उभी असलेली बॉम्बफेकी विमानं हे एक झालं. नीपर नदीकाठच्या खेरसोन शहरात पलीकडून येणारे तसलेच चारपंखी ड्रोन सायकलवरच्या, बसथांब्यावरच्या माणसांमागे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. कॅमेऱ्यात चेहरा दिसत असतो, त्यामुळे चुकून लागलं असं म्हणायची सोयही नाही. शहराने मग रस्त्यांवर जाळी ताणायला घेतली. युरोपातल्या कोळ्यांनी मासेमारीची जुनी जाळी युक्रेनला पाठवून दिली, आणि लोक त्यांच्याखालून बाजाराला जाऊ लागले.