केसाळ कुत्रं घेऊन पिपलानीत येताय?

पुण्या-नागपुराकडून भेलच्या नोकरीवर भोपाळच्या पिपलानीला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शाळा कुठली, क्वार्टर कधी मिळेल, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "आमच्याकडे गोल्डन आहे, तिकडे ग्रूमिंगचे किती घेतात हो?" म्हणून इथल्या चार जुन्या घरांत विचारून हे लिहायला घेतलं. या घरांत एक गोल्डन, दोन अल्सेशियन आणि भालू नावाचा एक डोंगरी भोटिया नांदले. भालू आमचा.

आधी भाव. मोठ्या केसाळ कुत्र्याची नुसती अंघोळ, वाळवणं आणि विंचरणं हजाराच्या आसपास जातं. नखं, कान, पंजांमधले केस आणि कात्रीचं काम धरलं तर दीड ते अडीच हजार. आतली लोकर काढण्याचे, म्हणजे दुकानदार ज्याला डी-शेडिंग म्हणतो त्याचे, बहुतेक ठिकाणी वेगळे पडतात. जटा सोडवायचे आणखी वेगळे. फोनवरचा आकडा आणि हातात पडणारं बिल यांत अंतर पडतं ते या 'वेगळ्या'पायी. तेव्हा नुसती जात सांगून भाव विचारू नका. वजन सांगा, कानामागचा आणि मांड्यांचा फोटो पाठवा, आणि "सब मिलाकर कितना?" एवढं विचाराच. हिंदीची भीती बाळगू नका, पिपलानीत सगळ्यांचीच हिंदी आपापल्या गावची असते. अस्सल भोपाळी 'को खां' ऐकायला मात्र जुन्या शहरात जावं लागेल.

एवढे पैसे कशाचे, हे एकदा बसून पाहा. शाम्पू लावून धुणं अर्ध्या तासात उरकतं. खरा वेळ वाळवण्यात जातो. या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ, लांब केस आणि खाली कापसासारखी दाट लोकर. ब्लोअरचा झोत लागला की केस दुभंगतात आणि तळाशी कातडीची गुलाबी रेघ दिसते. ती रेघ बोटबोटभर पुढे सरकवत सगळं अंग वाळवायचं. भालूला अडीच तास लागत. घाईत असलेला माणूस वरचे केस फुलवून कुत्रं हाती देतो. दिसायला देखणं, पण आत ओल तशीच. आम्ही पैसे देण्याआधी मानेखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोट रुतवून बघतो. गार लागलं, तर "भैया, और सुखाओ." यात संकोच करू नये. पावसाळ्यात ती ओल आत कोंडली की दोन दिवसांत लाल, चिकट चट्टा उठतो, आणि मग जनावरांच्या डॉक्टरचं बिल ग्रूमिंगच्या वर जातं.

आता आमची फजिती. पहिल्याच मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला, भालू जीभ बाहेर काढून मोरीतच पडून राहू लागला. एका दुकानात सल्ला मिळाला, "मशीन मार देते हैं, ठंडा रहेगा." ऐकायला पटलं आणि शिवाय स्वस्तही होतं. तासाभरात तीन पिशव्या केस निघाले आणि घरी एक लाजलेलं डुकराचं पिल्लू आलं. थंडावा कुठला! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग निववतं. आणि तो कोट थंडी जशी अडवतो तसंच ऊनही. पाठ उन्हाने लाल झाली. लोकर भराभर उगवली, वरचे राठ केस मागे राहिले, आणि पुढचं वर्षभर अंगाला जुन्या गोधडीची कळा होती. काही कुत्र्यांचा कोट पुन्हा पहिल्यासारखा येतच नाही. म्हणून सांगताना शब्द नेमके वापरा: "शेव नहीं, झीरो मशीन नहीं, सिर्फ अंडरकोट निकालना." पोटाखाली आणि पंजांत कातरलं तर हरकत नाही. जटा कातडीला चिकटून पार नमद्यासारख्या झाल्या असतील तर मात्र मशीनला पर्याय उरत नाही. ओढून सोडवणं म्हणजे छळ.

खर्च कमी करायचा तर तो घरीच होतो. एक स्टीलची लांब दातांची फणी, एक अंडरकोट रेक, आणि आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं. आधी विंचरायचं, मग अंघोळ. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो. आपला शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीला तो सोसत नाही. शेजारच्या काकू गोल्डनला दुपारच्या चहानंतर ओट्यावर घेतात आणि हाताने केस उलटे धरून थराथराने विंचरतात. त्या वर्षातून चारदाच दुकानात जातात; सहा ते दहा हजारांत वर्ष निघतं. आम्ही सुरुवातीला दर महिन्याला जायचो, तो हिशेब घरात कोणी काढत नाही.

गोचिडांचं काम ग्रूमरवर सोडू नका. औषधी अंघोळीने दिसणाऱ्या गोचिडी पडतात, पण पाऊस सुरू झाला की बागेतून, गवतातून नव्या चढतात आणि ताप देऊन जातात. त्यासाठी डॉक्टरांकडून गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. असं औषध टाकलेल्या कुत्र्याचे केस पाखरांना घरट्यासाठी म्हणून अंगणात ठेवू नका, कचऱ्यातच टाका.

राहिली वेळ ठरवण्याची गोष्ट. लोकर मुख्यतः दोनदा झडते, थंडी सरताना आणि पावसाळा संपल्यावर. पहिली झड नेमकी होळीच्या सुमारास येते, आणि पुण्यासारखं इथेही रंगपंचमी असतेच, फक्त इथे धुळवडही तितकीच जोरात. धुळवड झाली की लगेच कुत्रं दुकानात नेऊन अडीच हजार मोजलेले एक जोशीकाका इथे आहेत. पाचव्या दिवशी ते निळं झालं. रंगपंचमीनंतरची तारीख घ्या, आणि ती होळीच्या आधीच सांगून ठेवा.