दुकानाला परवानगी कोण देते?

आठवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मी महानगरपालिकेची कामे फळ्यावर लिहीत होते. रस्ते, दिवे, कचरा, जन्म-मृत्यूची नोंद... तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाइन शॉप निघाले तर नगरसेवक ते थांबवू शकतात का?" मी "हो, म्हणजे..." एवढेच म्हणून थांबले. खरे उत्तर 'नाही' असे आहे. ते 'नाही' का, हे सांगण्यासाठी हा धडा. पालकांनीही वाचावा.

आपल्या राज्यघटनेत केंद्राचे विषय कोणते व राज्यांचे कोणते, याच्या याद्या सातव्या अनुसूचीत आहेत. मादक पेये हा राज्यांच्या यादीतील आठवा विषय. म्हणजे दारू किती विकावी, कोठे विकावी, की मुळीच विकू नये, हे राज्य सरकार ठरवते. त्याच घटनेचे 47 वे कलम राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असे सांगते, आणि त्याच दारूवरच्या करातून राज्याची तिजोरीही भरते. हा पेच प्रत्येक सरकारपुढे असतो.

तेलंगणात मद्यनिषेध व अबकारी खाते परवाने देते. (एकाच खात्याच्या नावात निषेधही आहे आणि करही!) दुकानांची संख्या आधी ठरते, इच्छुक अर्ज करतात आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर सोडत निघते. पूर्वी लिलाव होत असत. 2012 पासून सोडतीची पद्धत आली. 2023 मध्ये 2,620 दुकानांसाठी 1 लाख 31 हजारांहून अधिक अर्ज आले. प्रत्येक अर्जाचे शुल्क 2 लाख रुपये होते आणि चिठ्ठी निघाली नाही तरी ते परत मिळणार नव्हते. गुणाकार करून पाहा. नुसत्या अर्जांतून 2,600 कोटींच्या वर रक्कम जमा झाली. 2025 मध्ये हे शुल्क 3 लाख झाले. शाळा, प्रार्थनास्थळ, रुग्णालय यांच्यापासूनच्या अंतराचे नियम आहेत आणि अधिकारी जागा तपासतात. गल्लीतल्या माणसाला तक्रारअर्ज देता येतो. पण मत? ते कोणी विचारत नाही.

मग लोकांच्या म्हणण्याला काहीच वजन नाही का? आपल्याच जुन्या आंध्र प्रदेशातली गोष्ट आहे. नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालू होती. संध्याकाळच्या वर्गात बायका अक्षरे गिरवीत होत्या. त्यांच्या पुस्तकात सीताम्माची गोष्ट होती, दारूविषयीची. दुबगुंटा गावच्या बायकांना ती आपल्याच घरची वाटली आणि 1992 च्या सुमारास त्यांनी गावातली 'सारा', म्हणजे ठेक्यावरची देशी दारू, बंद पाडली. हा प्रकार गावोगाव पसरला. ठेक्यांचे लिलाव पुढे ढकलावे लागले. 1 ऑक्टोबर 1993 पासून राज्यभर सारा बंद झाली. जानेवारी 1995 मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने संपूर्ण दारूबंदी आणली. ती 1997 मध्ये उठली. तुमच्यापैकी अनेकांच्या आज्यांना ती दोन वर्षे आठवत असतील. त्यांना जरूर विचारा.

एका धड्याने एवढे घडले. पण तो चळवळीचा मार्ग झाला. कायद्यातच लोकांना मत असावे अशी सोय महाराष्ट्रात आहे आणि ती जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. 25 मार्च 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. पुढे शहरांतील प्रभागांनाही ही सोय मिळाली. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. वाचता न येणाऱ्या आजीलाही कळेल अशी ही खूण आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निघोजच्या महिलांनी 2016 मध्ये असेच मतदान करून बाटली आडवी केली.

आता खरी गोम. समजा, एका गावात 1,200 महिला मतदार आहेत. मतदानाला 700 आल्या. आडव्या बाटलीला 580 मते पडली, उभीला 120. कोण जिंकले? वर्गात सगळ्यांनी एका सुरात "आडवी!" म्हटले. चूक! दुकान बंद होण्यासाठी आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील सर्व महिलांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे किमान 601. ज्या 500 घरी राहिल्या, कामाला गेल्या, लग्न होऊन परगावी गेल्या, किंवा ज्यांचे निधन होऊनही नाव यादीत राहिले, त्या सगळ्या न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्या. आमदार निवडताना असा नियम नसतो.

अट कडक का, यालाही कारण आहे. परवाना रीतसर पैसे भरून मिळालेला असतो, त्यावर दुकानदाराचे व नोकरांचे पोट असते. शिवाय बंदी म्हणजे दारू संपली असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आणलेली बंदी 2021 मध्ये उठवली, तेव्हा बेकायदा विक्री वाढल्याचे कारण सरकारने दिले. तरीही न आलेल्या बाईचे मत दुकानाच्या खात्यात टाकणे मला पटत नाही. वर्गात मात्र दोघांनी दुकानदाराची बाजू चांगली मांडली.

आपल्या मूळ प्रश्नाला 'हो' असे उत्तर इंग्लंडमध्ये मिळते. तेथे 2003 च्या कायद्याने परवाना स्थानिक कौन्सिल देते. अर्जदाराला 28 दिवस दुकानावर सूचना लावावी लागते आणि शेजारी लेखी हरकत घेऊ शकतात. मात्र 'दारू वाईट' एवढे म्हणून चालत नाही. गुन्हे, सार्वजनिक सुरक्षितता, लोकांना होणारा उपद्रव आणि मुलांना होणारी हानी, या चारपैकी कशाला धक्का बसतो ते दाखवावे लागते. आपल्याकडेही 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभा व पंचायतींना मद्यविक्रीवर बंदी वा निर्बंध घालण्याचा अधिकार मान्य केला आहे. आदिलाबादकडच्या आदिवासी गावाला जे बळ कायद्याने दिले, ते चिक्कडपल्लीच्या गल्लीला नाही.

घरचा अभ्यास :

1. एका प्रभागात 1,450 महिला मतदार आहेत. मागणीसाठी किमान किती सह्या लागतील? आडव्या बाटलीला किमान किती मते लागतील?

2. तुमच्या गल्लीत दुकान येणार आहे असे समजून अबकारी अधिकाऱ्यांना दहा ओळींचा अर्ज लिहा. शाळेचे फाटक तेथून किती पावलांवर आहे, शाळा सुटते तेव्हा रस्त्यावर किती मुले असतात, हे स्वतः मोजून लिहा. एका गटाने दुकानदाराच्या वतीने उत्तर लिहावे. दोन्ही अर्ज सोमवारी वर्गात वाचले जातील. येऊ शकणाऱ्या पालकांनी अवश्य यावे.